व्हॅन पुढेच राहील

"ओ मावशी, जेवणाचं सामान मागच्या दारानं. हितं पावण्यांच्या गाड्या लागणार हाईत."

इचलकरंजीच्या कार्यालयाच्या फाटकातला माणूस शिट्टी फुंकत होता. विमलानं व्हॅनची काच खाली केली. कांदा-लसूण चटणीचा वास बाहेर पडला आणि त्या माणसाची खात्रीच पटली.

"मागं घ्या म्हनलं न्हवं का?"

विमलानं इंजिन बंद केलं.

—गाडी घेतली तेव्हा. शोरूम. मुलगा ऋतुराज उंच काळ्या गाडीभोवती फिरतोय.

"आई, असली दारात असली की माणसं नीट बोलत्यात."

"मग पप्पांना चढवून दाव हिच्यात."

नवऱ्याची, आकारामची, डावी बाजू लुळी पडलेली. दोघांनी धरलं तरी पाय त्या पायरीवर जाईना. शेजारी बुटकी पांढरी व्हॅन होती, सरकत्या दाराची. तिच्यात तो उजव्या हातानं धरून आपला आपण बसला. मग खुशीत बसूनच राहिला, उतरेचना.

"हीच," विमला म्हणाली. "विकायच्या चटणीचे डबे बी मावतील."

—आज सकाळी. कळंबा. दीर अमरसिंहांची काळी गाडी हार घालून दारात.

"वैनी, पोराचा साखरपुडा हाय. व्हॅन बघून हसतील लोकं. दादांना ऱ्हाऊ दे घरात. मोबाइलवर दावू की समदं."

ऋतुराज आरशात फेटा बघत राहिला.

"ऱ्हा... ऱ्हातो मी," आतून आकाराम म्हणाला. पहाटेच दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून बसला होता.

विमलानं व्हॅनची किल्ली घेतली. "भावजी, नवऱ्या मुलाला तुम्ही आणा. पर पुढच्या गाडीत घरातला थोरला बसतुया. तुमची मागनं येऊ दे."

—आणि हे फाटक.

"मावशी, ऐकू येतंय न्हवं?"

"येतंय की. नवऱ्या मुलाचा बाप हाय आत. ओवाळायला बोलीव."

माणसाच्या तोंडातली शिट्टी गळ्यात लोंबली. तोवर मुलीकडच्या बायका आरतीचं ताट घेऊन आल्याच. व्हॅनला वळसा घालून त्या थेट मागच्या काळ्या गाडीकडं निघाल्या.

विमलानं हॉर्नवर तळवा ठेवला. उचलला नाही.

बायका थबकल्या. मुलीचे वडील बाळासो धावत आले. "अवो विहीणबाई, गाडी जरा कडंला घेऊया का? रस्ता आडलाय."

"हे उतरल्यावर घेते."

खाली येऊन तिनं दार सरकवलं. आकारामनं आधी काठी टेकवली. मग एक पाय. बाळासोंनी हात पुढं केला, तो तिनं अलगद बाजूला सारला. "उतरत्यात त्यांचं ते."

काळ्या गाडीच्या काचेआड ऋतुराज मोबाइलमध्ये मान घालून बसला होता. तिच्याही मागं गाड्या तुंबल्या होत्या. ताटातलं निरांजन वाऱ्यानं विझायला आलं तशी एका बाईनं त्याला पदराचा आडोसा केला आणि ती व्हॅनपाशी येऊन थांबली.

आकारामचा दुसरा पाय अजून आत होता.