चांदूर बाजारच्या मुलीची स्लाइड

"मशीननं सांगतलं ना लिम्फोसाइट वाढले? म्हंजे व्हायरल. मंग तुमी काहून अडून राहिले, धर्मपालभाऊ?"

लॅबचे मालक मनोजभाऊ यांचा प्रश्न रास्त होता. मशीन जपानचं होतं, धर्मपाल इंगळे दर्यापूरचा.

अमरावतीच्या त्या लॅबमध्ये सत्तावीस वर्षं तंत्रज्ञ असलेल्या धर्मपालला एकच व्यसन होतं. लहान मुलांच्या रक्ताची स्लाइड तो अजूनही हातानं ओढायचा, म्हणजे थेंब काचेवर पातळ पसरायचा, मग रंगवायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा. मनोजभाऊ याला काचा नासवणं म्हणत. पण धर्मपालची स्लाइड गाईच्या जिभेसारखी निमुळती उतरे, आणि त्याचा गर्व लपवण्याची तसदी त्यानं कधी घेतली नव्हती.

आजची स्लाइड चांदूर बाजारच्या सात वर्षांच्या आकांक्षाची. पोट आठ दिवसांत ढोलकीसारखं फुगलेलं. गावात जंताचं औषध दोनदा देऊन झालेलं. रंगवल्यावर तिच्या पांढऱ्या पेशी गर्द निळ्या दिसल्या, आणि त्या निळ्यात सुईनं टोचल्यासारखी भोकं.

ही भोकं त्यानं पूर्वी एकदाच पाहिली होती. अकरा वर्षांपूर्वी, सख्खा भाऊ संघपालच्या रक्तात. तेव्हा त्याला वाटलं, रंग बिघडला. त्यानं पुन्हा रंगवली. मग नवा रंग मागवून पुन्हा. रंगाला दोष देण्यात दोन दिवस गेले. संघपाल सात आठवड्यांत गेला.

रिपोर्टवर सही करणाऱ्या डॉक्टर प्राजक्ता अकोल्याला असत, मंगळवारी येत. आज गुरुवार होता. फोनवर त्या म्हणाल्या, "फोटो पाठवा."

"फोटोत भोकं दिसत नाईत म्याडम. मीच येतो."

"आन इथलं काम कोन पाहीन?" मनोजभाऊ.

"जपान पाहीन."

बाकावर बसलेल्या आकांक्षाच्या आईला, सीमाला, त्यानं बजावलं, "गावाले जाऊ नोका. मी अकोल्याहून येतो."

"काई वंगाळ हाय का भाऊ?"

"असीन तर आजच समजलं पायजे," तो म्हणाला आणि एसटी स्टँडकडे निघाला. अडीच तास त्यानं छोटी पेटी मांडीवर धरली. शेजारच्यानं विचारलं, पेढे का? तो हो म्हणाला.

पेटीत दोन स्लाइड होत्या. प्राजक्ताबाईंनी दोन्ही पाहिल्या, अदलूनबदलून पाहिल्या.

"सारख्याच आहेत. दुसरी कुणाची?"

"माह्या भावाची. एक्केचाळीसचा होता."

त्यांनी डोळा भिंगावरून काढला. "बर्किट म्हणतात याला. कॅन्सरच आहे, क्वचित दिसणारा. फार झपाट्यानं वाढतो, दिवसा-दोन दिवसांत दुप्पट. पण लहान मुलांत औषधाला चांगला दबतो. मोठ्यांत तेवढा नाही."

"रोग तोच, पेशी त्याच?"

"तरीही. मुलांचं शरीर भारी औषध सोसतं."

"म्हंजे संघपालनं वय वाढवाचीच घाई केली," धर्मपाल म्हणाला. मग त्यानं विचारलं, "दोन दिवसानं फरक पडला असता का म्याडम?"

"सांगता येत नाही," त्या म्हणाल्या. खोटं बोलल्या नाहीत, याबद्दल त्यानं मनातल्या मनात त्यांना पैकीच्या पैकी दिले. "हिचे दोन दिवस मात्र वाचलेत."

पक्क्या तपासण्या नागपूरला व्हायच्या होत्या. त्यांनी तिथं धर्मपालसमोरच फोन लावला. धर्मपाल परतला आणि संध्याकाळी सीमा मुलीला घेऊन नागपूरच्या गाडीत होती. रिपोर्टवर सही डॉक्टरांची. तंत्रज्ञाचं नाव छापायची त्या कागदावर सोयच नाही.

सात महिन्यांनी आकांक्षा तपासणीला आली. डोक्यावर हरभऱ्याच्या कोंबासारखे केस. रक्त काढताना रडली नाही. सुयांच्या बाबतीत ती आता धर्मपालला सीनियर होती. मशीननं सगळं ठीक छापलं. धर्मपालनं तरी स्लाइड ओढली, रंगवली, या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिली. निळं, भोकाचं काही नव्हतं. ते नसणं तो बराच वेळ पाहत राहिला.

मग त्यानं पोरीला स्टुलावर उभं केलं.

"काय दिसते वं?"

"गोल गोल. गुलाबी." तिनं एक डोळा हातानं झाकला होता. "लय हायत. कोनाचे हायत?"

"समदे तुयेच," धर्मपाल म्हणाला, आणि तिचं पाहून होईपर्यंत स्टूल धरून उभा राहिला.