बाहीच्या चुण्या

मित्रांनो, माझे वय विचारू नका, मलाही नीट आठवत नाही. पायाने चालवायची जुनी शिलाई मशीन आहे मी. कारखान्यात ओतीव लोखंडाचे अंग घडले, वर काळा चकचकीत रंग चढला, सोनेरी वेलबुट्टी उमटली आणि दुकानाच्या काचेत मी फार ऐटीत उभी राहिले. तिथून मला बाईंनी आणले. तेव्हा त्या तरुण होत्या आणि पुढच्या खोलीत त्यांना शिवणाचा वर्ग काढायचा होता.

वर्ग चांगला चालला. खिडकीशी मी, बाजूला कापड कापायचे लांब टेबल, कोपऱ्यात कापडी धडाचा पुतळा. मुली माझ्यावर हात बसवायच्या आणि माझा टाका मोत्यासारखा पडतो म्हणून कौतुक करायच्या. मी फुशारून जायचे. बाईंचा एक नियम होता. सगळ्यात शेवटी बाही. मुंढ्याला, म्हणजे खांद्याच्या गोलाईला, जोडलेली बाही पुतळ्यावर एकही चुणी न पडता बसली, की बाई स्वतःची कात्री त्या मुलीच्या हातात द्यायच्या आणि म्हणायच्या, "जा, आता तुझं तू काप." त्या दिवशी शिक्षण संपायचे. मुलगी पाया पडायची, येत जाईन म्हणायची आणि पुन्हा फिरकायची नाही. बाई दारात उभ्या राहायच्या, मग आत येऊन मला तेल घालायच्या. त्यांना दुसरे कोणीच नव्हते.

पुढे लोक तयार कपडे घेऊ लागले आणि वर्ग रोडावला. शेवटी एकच मुलगी उरली. अंगाने इतकी बारीक की बाई तिला काडी म्हणायच्या. काडी अठरा वर्षांची, बडबडी. आल्या आल्या चहा टाकायची, बाईंच्या चष्म्याच्या काचा पुसून द्यायची, शेजारच्या कुत्र्याची नक्कल करून दाखवायची. बाई हसल्या की मला नवल वाटायचे, कारण तो आवाज या घरात मी फारसा ऐकला नव्हता. आणि तिचा हात! कापड तिच्या बोटांखालून आपसूक सरकायचे. इतक्या मुली पाहिल्या, पण असा हात मी पाहिला नाही.

एक दिवस ती धावतच आली. "बाई, शर्टाच्या कारखान्यात माणसं घेताहेत. सोमवारी बाही जोडून दाखवायची. बसली तर कायमचं काम!"

"बघू," बाई म्हणाल्या.

त्या दिवशी काडीने पहिल्यांदाच जोडलेली बाही पुतळ्यावर चढवली. मी पाहिली ती बाही. एकसुद्धा चुणी नव्हती. बाईंनी तिच्यावरून बोट फिरवले, बराच वेळ फिरवले. मग म्हणाल्या, "खांद्याशी ओढ आहे गं. उसव." काडीने मुकाट्याने उसवली.

दुसऱ्या दिवशी ती येण्याआधी बाई माझ्यापाशी बसल्या आणि दोऱ्याचा ताण धरणारा माझा स्क्रू त्यांनी घट्ट पिळला. मला कळेना काय चालले आहे. काडी आली, शिवायला बसली आणि माझ्या टाक्याने कापड आवळत गेले. बाही चुण्यांनी भरली. तिने पुन्हा शिवली, पुन्हा तेच. मशीनकडे शंकेने पाहिले, तेव्हा बाईंनी तिला उठवले, दोरा ओवायच्या निमित्ताने स्क्रू हळूच सैल केला आणि स्वतः शिवून दाखवले. सुरेख बाही.

"मशीन तीच आहे ना?" बाई म्हणाल्या.

"माझ्याच हाताला वळण नाही, बाई."

"येईल हळूहळू. तू येत राहा. घाई काय आहे?"

आठवडाभर हेच चालले. माझ्या अंगाची लाही लाही होत होती. ज्या टाक्यावर मी आयुष्यभर मिरवले, तोच त्या पोरीचा घात करत होता आणि मला ब्रही काढता येत नव्हता. बाई वाईट नव्हत्या. काडी कारखान्यात गेली नाही तर रोज इथेच येईल, एवढाच त्यांचा हिशोब होता. निराश झालेले माणूस शिकणेच सोडून देते, हे त्यांच्या ध्यानात आले नाही.

सोमवारी काडी कारखान्यात गेली नाही. वर्गालाही आली नाही. बाईंनी दोन कप मांडले होते, त्यातला एक तसाच राहिला. मंगळवारीही राहिला.

बऱ्याच दिवसांनी काडीची आई आली, नवऱ्याच्या शर्टाची झिजलेली कॉलर उलटून घ्यायला.

"बाई, तुमचे उपकार झाले," ती म्हणाली. "तिच्या हातात कला नाही हे वेळेवर कळलं. नाहीतर तिकडे जाऊन हसं झालं असतं. आता मासळीच्या बर्फखान्यात लावलीय. बोटं सुजतात, पण काम आहे. घरात साधं बटण लाव म्हटलं तरी नको म्हणते. सुईच धरत नाही."

बाईंचे ओठ हलले. मी कान टवकारून बसले होते. आता सांगतील, आत्ता सांगतील.

"शर्ट परवा घेऊन जा," बाई म्हणाल्या.

तो शर्ट त्यांनी माझ्यावर शिवला नाही. खिडकीशी बसून हाताने शिवला. मग माझ्यावर चादर टाकली, ती आजतागायत. पट्टा कुजला, पायडल गंजले, अंगावरची वेलबुट्टी गेली. बाई पलीकडच्या खोलीत असतात. त्यांच्या खोकण्याचा आवाज तेवढा येतो.

मित्रांनो, जुन्या वस्तूंना जपा, तेलपाणी करा, असे मी सांगावे अशी तुमची अपेक्षा असेल. माझे राहू द्या. कधी बर्फखान्यावरून गेलात आणि सुजलेल्या बोटांची एक बारीक मुलगी कामावरून सुटताना दिसली, तर तिला थांबवा. तिची बाही पहिल्याच दिवशी बसली होती, एवढे तिला सांगा. बाईंच्याने ते सांगवणार नाही.