रझियाने भरलेला तक्ता

सातवीच्या मुलींना मी डेंग्यू शिकवला तो पोस्टर लावून, हातवारे करून, अगदी शिक्षणाधिकारी समोर बसल्यासारखा. मग प्रत्येकीला एक तक्ता दिला. घरात साठवलेलं पाणी तपासा, अळ्या दिसल्या तर लिहा आणि खाली घरच्यांची सही आणा. दुसऱ्या दिवशी चाळीस तक्ते आले. एकोणचाळीस घरांत औषधालासुद्धा अळी नव्हती. स्वारगेटच्या आसपास इतकी स्वच्छता नांदते हे मला तरी ठाऊक नव्हतं.

फक्त रझियाने लिहिलं होतं, 'पिंपात अळ्या आहेत.' त्यांच्या गल्लीत पाणी दिवसाआड येतं, पिंप भरून ठेवण्यावाचून इलाज नाही. हे मला माहीत होतं. तरी माझी जीभ कुठली गप्प बसायला!

"वा! पाळल्यात की काय? नावंबिवंही ठेवली असशील."

वर्ग खो खो हसला. रझिया मान खाली घालून बसली. तेव्हा मला माझा विनोद आवडला होता, हे सांगताना आज लाज वाटते.

पुढच्या शनिवारी मुलींचे गट करून शेजारच्या इमारतींत तपासणीला पाठवले. माझं घर शाळेच्या मागेच, तळमजल्यावर. म्हटलं, माझ्यापासूनच सुरुवात करा, आदर्श घर कसं असतं ते कळेल. सुनीती आणि प्रेमला या दोघी गच्चीवर गेल्या, रझिया स्वयंपाकघरात. तिने वाकून फ्रिजच्या मागचा, पाणी साठणारा ट्रे बाहेर ओढला. कित्येक महिन्यांत मी तिकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं. पाण्यात अळ्या वळवळत होत्या.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. रझियाने ट्रे अंगणात नेला, मी शिकवलं होतं तसं पाणी कोरड्या मातीत ओतलं, ट्रे घासून पुसून जागेवर ठेवला आणि तक्त्यावर लिहिलं, 'अळ्या नाहीत.'

"अगं, होत्या ना! खोटं कशाला लिहिलंस?"

"खरं लिहिलं की सगळे हसतात, बाई," ती हळूच म्हणाली. "तुम्हाला कुणी हसायला नको."

तिने सहीसाठी तक्ता पुढे केला. 'खोड ते, खरं लिही,' एवढंच मला म्हणायचं होतं. तेवढ्यात जिन्यावरून सुनीती ओरडली, "बाई, वर काहीच नाही! तुमच्याकडे कशा असतील?"

मी रझियाच्या हातातून पेन घेतलं आणि सही केली.