शिवेचा दगड

“दगड दिसला की थांबायचं. छत्री दगडाला टेकवायची, वाकायचं आणि मागे फिरायचं. पुढे बाईमाणसानं जायचं नाही. पडका असला तरी मठ तो मठच.”

आईचं हे शेवटच्या दुखण्यातलं सांगणं. लहानपणी मी तापातून उठावं म्हणून तिनं मठाला जरीच्या छत्रीचा नवस बोलला होता. तो फेडायच्या आधीच ती गेली. म्हणून गोज्जाम मुलखातला तो मठाचा डोंगर मी चढले. येशूजन्माचे उपास चालू होते. तिसऱ्या प्रहरापर्यंत मी पाणीही घेत नाही.

वर जैतुनाच्या झाडाखाली दगडच नव्हता. नुसता ओला खड्डा. आत, छप्पर उडालेल्या भिंतींमधून कण्हणं आलं.

“कोण आहे?”

“अल्गानेश. खालच्या गावची.”

“बाई? तिथंच थांब!” मठात एकटे राहणारे साधू आबा वोल्दे ओरडले. “इथं कधी कोंबडीसुद्धा आली नाही!”

“कोंबडीला तुमचं कण्हणं कळलं नसतं, आबा. काय झालं?”

“दगड कलला होता. सरळ करायला गेलो, तर मला घेऊनच घरंगळला. पाय अडकलाय.”

ऊन थेट त्यांच्या तोंडावर होतं. वरच्या भिंतीतून खडे सुटत होते. मी खड्ड्याच्या काठावर. पाऊल टाकलं तर आईचा शब्द मोडणार, नाही टाकलं तर माणूस जाणार.

“आबा, शीव कुठली? खड्डा की दगड?”

“दगड. गुरूंनी दगडालाच शीव म्हटलं.”

“तो तर तुमच्या पायावर आहे.”

“वकिलीण कुठली!” ते म्हणाले, पण नको म्हणाले नाहीत.

चपला काढून मी दगडापर्यंत गेले. सगळा जोर लावला. तो हलला नाही. मग छत्री उघडून त्यालाच टेकवली. सावली त्यांच्या तोंडावर आली. मी वाकले.

“चार गडी लागतील. सगळे तेफच्या मळणीला गेलेत.”

“अंधार पडला की तरसं येतात, पोरी.”

“त्याआधी घेऊन येते. तोवर तोंडात पाणी घालणार नाही.”

“आणि दगड...”

“तोही जागेवर बसवून घेईन.”

उतरताना झरा लागला. तिसरा प्रहर कधीच टळला होता. मी शाल तोंडावरून ओढून घेतली आणि खळ्यांच्या दिशेनं चालू लागले.