ठिगळाच्या गळ्यातला पट्टा

मित्रांनो, शिवणकाकूंच्या मशीनचा डावीकडचा खण कधी उघडलात, तर आत तुटकी बटणं, अर्धवट संपलेली रिळं आणि कुणीच न्यायला न आलेल्या एका फ्रॉकची झालर दिसेल. तो पसारा बाजूला केलात तर तळाशी रंग विटलेला, मधोमध कापलेला एक लाल पट्टा सापडेल. तो मी. एका मांजराच्या गळ्यात मी बरीच वर्षं काढली. आता अंगात फारसा जीव उरलेला नाही आणि बोलायचाही कंटाळा येतो. पण तुमच्या घरी बाहेर हुंदडणारं मांजर असेल, तर माझी हकीकत ऐकून घ्या. फार लांबण लावणार नाही.

माझा जन्म पत्र्याच्या एका मोठ्या शेडमध्ये झाला. नायलॉनच्या लांबलचक फितीतून मला कापलं, कडा तापवून बंद केल्या आणि दोन टोकांना प्लास्टिकच्या खटक्याचे दोन भाग बसवले. शेवटच्या टेबलावर एक पोक्त बाई बसायच्या. प्रत्येक पट्टा हातात घेऊन त्या आधी हळूच ओढायच्या आणि मग जोराचा हिसका द्यायच्या. हळू ओढल्यावर खटका उघडला, तर पट्टा टोपलीत. हिसका देऊनही उघडला नाही, तर तोही टोपलीत. टोपलीतल्यांचं पुढे काय व्हायचं, ते आम्ही कधी विचारलं नाही.

शेजारी नव्याने कामाला लागलेल्या मुलीने एकदा त्यांना विचारलं, "सुटणारा पट्टा कोण विकत घेईल हो, मावशी?"

"अगं, मांजर कुठेही शिरतं," बाई म्हणाल्या. "तारेत, फांदीत, खिळ्याला पट्टा अडकला की यानं आपणहून सुटायला हवं. नाहीतर पट्टा शाबूत राहील आणि मांजर जाईल."

मग त्यांनी मला उचललं आणि हिसका दिला. मी खट्कन उघडलो. "हं," म्हणून त्यांनी मान हलवली. तेवढं कौतुक मी जपून ठेवलं, कारण पुढे ते फारसं वाट्याला आलं नाही.

मला विकत घेतलं ते शिवणकाकूंनी. त्यांचं खरं नाव गल्लीतल्या पोरांना ठाऊक नव्हतं. घराच्या पुढच्या खोलीत त्या कपडे शिवत. मशीन दाराशी, मागे कापडांचे ढीग, आणि कोपऱ्यातल्या खुर्चीत त्यांचे सासरे, आबा. आबा पूर्वी घड्याळं दुरुस्त करायचे. एके दिवशी त्या ढिगावर एक मांजराचं पिल्लू येऊन झोपलं आणि कुणी हाकललं नाही म्हणून राहिलं. पांढऱ्या अंगावर कुठे काळा, कुठे तपकिरी डाग. शिंपिणीच्या घरचं मांजर ते, त्याचं नाव पडलं ठिगळ.

गिऱ्हाइकांसाठी दार सताड उघडं असायचं, त्यामुळे ठिगळाला घरात कोंडणं कुणालाच जमलं नाही. ते कौलांवर फिरायचं, कुंपणावर चालायचं, जेवायच्या वेळेला घरी यायचं. एकदा ते आलंच नाही. काकूंनी हाका मारमारून घसा बसवला. हातातलं काम तसंच राहिलं, घास गिळवेना. शेवटी ठिगळ सापडलं ते पलीकडच्या गल्लीतल्या एका घरात, बशीतलं दूध पीत. माणसं चांगली होती बिचारी. "गळ्यात काहीच नव्हतं हो, आम्हाला वाटलं बेवारस आहे," एवढंच म्हणाली. काकूंनी ठिगळाला खांद्यावर टाकलं आणि तशाच दुकानात जाऊन मला घेऊन आल्या.

मी ज्या पुठ्ठ्यावर अडकवलेला होतो, त्यावर माझ्या खटक्याविषयी चार ओळी छापल्या होत्या. काकूंनी त्या पुठ्ठ्यावर उरलेला दोरा गुंडाळला. चांगला पुठ्ठा वाया घालवायचा नाही, ही त्यांची सवय.

आबांनी पितळेचा एक छोटा गोल बिल्ला केला आणि त्यावर ठिगळाचं नाव आणि फोनचा नंबर कोरला. एरवी त्यांचे हात थरथरत. पण डोळ्याला भिंग लावून सुई हातात धरली की ते हात कसे स्थिर व्हायचे, ते मी समोर बसून पाहिलं आहे. मग त्यांनी मला ठिगळाच्या गळ्यात बांधलं. पट्ट्याखाली दोन बोटं सहज जातात ना, ते पाहिलं. ठिगळाने मागच्या पायाने मला खसाखसा ओरबाडलं, दोन कोलांट्या मारल्या आणि शेवटी माझा नाद सोडला.

ते माझे कामाचे दिवस. काम सोपं होतं असं समजू नका. गटाराच्या कडेने मी फरफटलो, उन्हात तापलो, पिसवांनी माझ्या आडोशाला बिऱ्हाडं थाटली. मांजर दिवसभर झोपतं म्हणतात. म्हणोत बापडे. पण गल्लीत मला मान होता. पूर्वी ठिगळाला चप्पल फेकून मारणारा पाववाला माझ्याकडे बघून "अरे, हे काकूंचं," म्हणायचा आणि हात खाली घ्यायचा. कुणी नवं माणूस वाकून बिल्ला वाचायचं आणि ठिगळाला नावाने हाक मारायचं. मांजराला नावाने हाक मारली की त्याला दगड मारवत नाही, हे मी तेव्हा शिकलो.

गल्लीच्या मागे लाकडाची वखार होती. भोवती तारेचं कुंपण, वर पत्रे, आत भुशाचे ढीग. वखारवाल्याला मांजरांचा भारी राग, कारण सगळी मांजरं त्याच्या भुशात घाण करून जात. ठिगळाला मात्र वखारीशिवाय करमत नसे. एकदा कुंपणाखालून निसटताना मी तारेत अडकलो. ठिगळ घाबरलं, त्याने हिसका दिला, आणि मी सुटलो. ते पळालं. मी तारेला लोंबकळत राहिलो आणि मला शेडमधल्या बाई आठवल्या. त्या इथे असत्या तर "हं" म्हणाल्या असत्या, असं वाटून फार बरं वाटलं.

काकूंनी मला शोधून आणलं आणि माझ्या नावाने बोटं मोडली. "कसला फालतू माल आहे हा! धड गळ्यातही राहत नाही."

पुढे एकदा मी फांदीत सुटलो. एकदा गटाराच्या जाळीत. दर वेळी ठिगळ सुखरूप घरी आलं, आणि दर वेळी बोलणी मी खाल्ली. मित्रांनो, आपलं काम चोख करावं आणि त्याचाच ठपका आपल्यावर यावा, याने माणूस काय, पट्टासुद्धा थकतो. ठिगळ आपलं पंजे चाटत बसायचं. माझी बाजू मांडायला आबांशिवाय कुणी नव्हतं.

"सूनबाई, अगं त्याला तसंच केलंय. सुटायलाच," ते म्हणाले.

"आबा, माझ्या हातचा साधा हुक आजवर कधी सुटला नाही," काकू म्हणाल्या. "हा मेला उठसूट सुटतो. उद्या पुन्हा मोकळ्या गळ्याचं बघून कुणी उचलून नेलं तर? मागच्या वेळी सापडलं. दर वेळी सापडेल का?"

काकूंची भीती खोटी नव्हती, आणि सून रडवेली झाली की आबांचं काही चालत नसे.

काकूंनी पिशव्यांच्या बंदांना वापरतात तो जाड दोरा घेतला, त्याला मेण लावलं आणि माझी दोन्ही टोकं खटक्यावरून एकमेकांना शिवून टाकली. वर दुहेरी टीप मारली, कात्रीने दोरा तोडला आणि मला दोन्ही हातांनी ताणून बघितलं. "आता सुटून दाखव," त्या म्हणाल्या, आणि किती दिवसांनी हसल्या. त्यांनी ते मायेने केलं होतं. फाटलेलं, सुटलेलं दिसलं की टाका घालायचा, हेच त्यांना जन्मभर ठाऊक. मला तोंड असतं तर मी ओरडलो असतो.

बरेच दिवस काही झालं नाही. काकू निर्धास्त झाल्या. मला मात्र प्रत्येक कुंपण दिसलं की धडकी भरायची.

वखार बंद असण्याचा दिवस होता. करवत थांबलेली, सगळीकडे शांतता, म्हणून ठिगळ पत्र्याखालच्या तुळईवर चढलं. तिथून खाली उडी मारताना तुळईतून बाहेर आलेल्या एका वाकड्या खिळ्याला मी अडकलो. ठिगळ अधांतरी राहिलं. मागच्या पायांची नखं खालच्या फळीला जेमतेम टेकत होती. त्याने हिसका दिला. मी सुटण्यासाठी सगळा जोर लावला. खटका आतून करकरला, पण त्याच्यावर काकूंची दुहेरी टीप होती आणि ती जागची हलेना. ठिगळ पुन्हा धडपडलं, आणि मी त्याच्या गळ्यात अजून रुतलो. ज्या गळ्यात मी इतकी वर्षं राहिलो, ज्याची घुरघुर मला अंगाला जाणवायची, तोच गळा मी आवळत होतो. याहून वाईट काही माझ्या आयुष्यात घडलं नाही. ठिगळाचं ओरडणं हळूहळू घरघरीवर आलं, नंतर तेही थांबलं.

एवढंच झालं, की ते धडपडत असताना आबांचा पितळी बिल्ला बाजूच्या पत्र्यावर आपटत होता. टण् टण् टण्. वखारवाला मागेच राहायचा. दुपारची झोप मोडली म्हणून तो तणतणत आला. "कोण रे ते? चोरीला आज बरा मुहूर्त सापडला!" मग त्याने वर पाहिलं.

मांजरांना शिव्या घालणारा तो माणूस फळ्यांच्या चळतीवर कसा चढला, त्याचं त्यालाही कळलं नसेल. एका हाताने त्याने ठिगळाला खालून उचलून धरलं, दुसऱ्या हाताने खटका शोधला. तो उघडेना. "काय शिवलंय काय हे!" म्हणत त्याने जवळच पडलेली धारदार पटाशी घेतली आणि मला मधोमध कापलं. मला दुखलं का, असं विचाराल तर खरं सांगतो, मला सुटल्यासारखं वाटलं.

त्याने बिल्ल्यावरचा नंबर वाचून फोन लावला. पलीकडे घंटी वाजत राहिली. मला नंतर कळलं, काकूंच्या तोंडात टाचण्या होत्या आणि अशा वेळी त्या फोन घेत नसत. त्याने पुन्हा लावला. या वेळी आबा ओरडले, "अगं, घे तो!" काकूंनी टाचण्या तळहातावर काढल्या.

"वहिनी, तुमचं मांजर माझ्याकडे आहे," तो म्हणाला. "जिवंत आहे, पण तुम्ही लगेच या."

जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी ठिगळाचा गळा साफ केला, औषध लावलं, सुई टोचली. काकू भिंतीला टेकून उभ्या होत्या. डॉक्टरांनी मला हातात घेऊन उलटसुलट पाहिलं. "हे कुणी शिवलं?"

"मी," काकू म्हणाल्या.

डॉक्टरांनी एकदा त्यांच्या तोंडाकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. "वाचलंय ते. आता रडू नका."

घरी आल्यावर काकूंनी दिवा जवळ ओढला आणि मला मांडीवर घेऊन स्वतः घातलेले टाके एकेक करून उसवायला लागल्या.

"आता कशाला उसवतेस? तुटलाय तो," आबा म्हणाले.

"असू दे आबा. असा नाही ठेववत."

शेवटचा टाका निघाला. त्यांनी खटका लावला, दोन्ही तुकडे धरून जोरात ओढले. खट्. मी उघडलो. त्यांनी पुन्हा लावला, पुन्हा ओढला. खट्. कितीतरी वेळ त्या तेच करत बसल्या.

ठिगळ बरं झालं. गळ्याभोवतीचे केस थोडे विरळ राहिले, तेवढंच. डॉक्टरीणबाईंनी त्याच्या कातडीखाली तांदळाच्या दाण्याएवढी एक चिप घातली. ती पडत नाही, सुटत नाही, आणि दवाखान्यातल्या यंत्राने वाचली की घरचा पत्ता कळतो. हेवा वाटला मला, कशाला खोटं बोलू? पण पाववाल्याला ती दिसत नाही, म्हणून ठिगळाच्या गळ्यात एक नवा हिरवा पट्टाही आला, सुटणाऱ्या खटक्याचा. आबांचा बिल्ला त्याला लावला. तसाच आणखी एक पट्टा काकूंनी खुंटीला टांगून ठेवला, पहिला हरवला तर असावा म्हणून. अधूनमधून त्या ठिगळाला मांडीवर घेतात, पट्ट्याखाली दोन बोटं घालून बघतात, पट्टा काढून त्याला हिसका देतात. खट्. खणातून मला तो आवाज ऐकू येतो.

मित्रांनो, तुम्हीही एवढं कराच. तुमच्या मांजराच्या गळ्यात नाव आणि नंबर असू द्या, म्हणजे ते बेवारस ठरणार नाही. नंबर बदलला की बिल्लाही बदला. आणि पट्टा सुटला म्हणून त्याला बोल लावण्याआधी एकदा मांजराकडे बघा.

परवा ठिगळ घरी आलं ते मोकळ्या गळ्याने. काकूंनी मशीन थांबवलं. त्याचा गळा चाचपला, कान, पाय, सगळं तपासलं, आणि त्याच्या पाठीत तोंड खुपसून बसून राहिल्या. तेवढ्यात दारात वखारवाला आला. त्याच्या बोटावर हिरवा पट्टा होता.

"वहिनी, हा आमच्या तारेला होता. मांजर आलं ना घरी?"

"आलं हो, भाऊ. आलं."

काकूंनी पट्टा घेतला, बाहीने त्याचा चिखल पुसला आणि हळूच म्हणाल्या, "शाब्बास. बरं झालं सुटलास."

हे शब्द ऐकायला मी अख्खं आयुष्य काढलं होतं. ते दुसऱ्याला मिळाले. पण खण किंचित उघडा होता, मी ते ऐकले, आणि माझा बराचसा शीण गेला.