माहूरच्या खणाचा बोर्ड

मी एक जुना बोर्ड आहे, मित्रांनो. शाळेतला खडूचा फळा नव्हे; कापडानं मढवलेला, टेबलामागच्या भिंतीला टांगलेला, दिवसभर कागद अंगावर वागवणारा बोर्ड. औंढ्यात, नागनाथाच्या देवळामागे दोन गल्ल्या सोडून, अनुश्रीच्या घरी मी राहतो. आता थकलो आहे, म्हणून हळूहळू सांगतो.

अनुश्री घरूनच काम करते. नांदेडच्या एका डोळ्यांच्या दवाखान्यासाठी ती रोज तीस-चाळीस जणांना फोन लावते. ऑपरेशन कधी, डोळ्यात थेंब कोणत्या दिवसापासून टाकायचे, सोबत कुणी यायचं, हे समजावून सांगते. कुणाला पुन्हा फोन करायचा असला की चिठ्ठी लिहिते. पूर्वी या चिठ्ठ्या भाजीच्या टोपलीत, लॅपटॉपखाली, कुठंही निघायच्या. म्हणून एका रविवारी तिनं मला करायला घेतलं.

मोडलेल्या दिवाणाची फळी हे माझं अंग. त्यावर जुन्या गादीतला फोम कापून चिकटवला. मग कापड हवं होतं. हळदीकुंकवाला आलेल्या खणांची थप्पी घरोघरी असते तशी इथंही होती. इकडून आलेला खण तिकडं द्यायचा. थप्पीच्या अगदी तळाचा हिरवा, लाल काठाचा खण अनुश्रीला आवडला. तिनं त्याला इस्त्री केली, उलटा अंथरला आणि मला त्यावर उपडं ठेवलं. आधी चारी बाजूंच्या मधोमध एकेक बारीक खिळा, मग कापड ताणत कडा, शेवटी घडी घालून कोपरे. एक सुरकुती राहिली नाही.

मला टांगलं तेव्हा तिच्या सासूबाई, गंगूताई, दारातच थांबल्या.

"अनू, हा खण कुठून काढला?"

"थप्पीतला. सगळ्यात खालचा."

"माहूरच्या देवीचा प्रसाद हाय तो. कुणाला देण्यात जाऊ नाई म्हणून तर तळाशी ठेवला व्हता."

अनुश्रीचा चेहरा उतरला. "काढते मग, आई."

"आता खिळे उपसले तं फाटल. राहू दे. पण त्याला टाचणी लावायची न्हाई. देवीचं वस्त्र टोचायचं का कुठं?"

गंगूताईंचा आवाज कधी चढत नाही, त्यामुळे त्यांचं बोलणं मोडताही येत नाही. दुसऱ्या दिवसापासून त्या पूजा झाली की माझ्या कोपऱ्यावर हळदीकुंकवाचं बोट टेकवू लागल्या. अनुश्री चिठ्ठ्या चिकटपट्टीनं लावू लागली. कापडावर ती पट्टी किती टिकणार? पंखा लागला की चिठ्ठ्या एकेक करून खाली.

माझं कौतुक मात्र भारी झालं. शेजारची शिला म्हणाली, "असा बोर्ड औंढ्यात कुणाकडं न्हाई. पण वैनी, याच्यावर तं काहीच न्हाई. टीव्हीवानी बसून बघता का?"

खरं सांगतो मित्रांनो, रिकामं राहून नटण्याचाही शीण येतो.

एका गुरुवारी अनुश्रीनं जिवनबाईंची चिठ्ठी लिहिली. या बाई सिद्धेश्वर गावच्या. मोतीबिंदूचं ऑपरेशन येत्या मंगळवारी, हे त्यांना आधीच कळवलं होतं; थेंब शनिवारपासून टाकायचे, हे सांगायचं राहिलं होतं. त्यांच्याकडं फोन नव्हता, शेजारच्या प्रेमदासच्या फोनवर निरोप द्यायचा होता, पण तो त्या दिवशी लागला नाही. शुक्रवारी सकाळी ती चिठ्ठी माझ्यावरून सुटली आणि जमिनीवर पडली.

गंगूताई आंघोळीपासून पोथीचा अध्याय होईपर्यंत मौन धरतात. फुलं घेऊन येताना त्यांना चिठ्ठी दिसली. लिहिलेल्या कागदावर पाय पडू नये, म्हणून त्यांनी ती उचलली, कपाळाला लावली आणि पोथीच्या पुढच्या पानांत ठेवून दिली. अध्याय संपेपर्यंत विसरूनही गेल्या. मी सगळं पाहत होतो.

अनुश्रीला तीस फोन, त्यात स्वयंपाक. डोळ्यांसमोर नाही ते काम तिच्या मनातूनही गेलं. मंगळवारी जिवनबाई उपाशीपोटी एसटीनं नांदेडला पोचल्या. थेंब टाकलेले नव्हते. डॉक्टरांनी परत पाठवलं. संध्याकाळी दवाखान्यातून अनुश्रीला फोन आला. पुन्हा अशी चूक झाली तर काम दुसरीला देऊ, एवढंच बोलले. ती त्यानंतर बराच वेळ टेबलाखाली, कपाटामागे चिठ्ठी शोधत होती.

बुधवारी गंगूताईंनी पोथी उघडली. पान उलटलं आणि चिठ्ठी समोर आली. त्यांनी नाव वाचलं. घरात कुणी पाहत नव्हतं. पोथी तशीच मिटून ठेवली असती तरी कुणाला कळलं नसतं. पण त्या अर्ध्या अध्यायावर उठल्या. मला टांगल्यापासून पहिल्यांदाच त्यांचं मौन मधेच सुटलं.

"अनू, चिठ्ठी मी ठेवली व्हती. पायाखाली येऊ नाई म्हणून."

अनुश्रीनं चिठ्ठी हातात घेतली. मग एवढंच म्हणाली, "आई, तुमचं मौन..."

"ते उद्या धरते. त्या बाईला आदी फोन लाव. मला बोलू दे."

प्रेमदासनं फोन जिवनबाईंकडं नेऊन दिला. गंगूताईंनी आपली चूक सांगितली, काही लपवलं नाही.

"जाऊ द्या बाई," जिवनबाई म्हणाल्या. "डोळा काय कुठं पळून न्हाई चालला. भाकर जळाली का कच्ची, तेवढं हातानं चाचपावं लागते. बोटं पोळून राहिली. आता कवा बोलावता ते सांगा."

अनुश्रीनं दवाखान्यात बोलून पुढची तारीख घेतली, नवी चिठ्ठी लिहिली आणि सवयीनं चिकटपट्टी हातात घेतली. गंगूताईंनी ती काढून घेतली. टाचण्यांची डबी आणली, मला हात जोडले आणि चिठ्ठी लावून टाचणी दाबली.

"देवी रागावली तं माझ्यावर रागावल," त्या म्हणाल्या. "त्या बाईच्या डोळ्यावर न्हाई."

मला टोचलं, मित्रांनो. पण त्या दिवशी मी बोर्ड झालो. जिवनबाईंचं ऑपरेशन नीट झालं. भाकरी दिसते, असा त्यांचा फोन आला, तेव्हा अनुश्रीनं ती चिठ्ठी काढली आणि मला हलकं वाटलं.

त्यानंतर सहा वर्षं गेली. आता अनुश्री तीन दवाखान्यांचं काम बघते. माझा हिरवा रंग विटला, काठ उसवले, फोम बसला. तिला बसायला वेळ नाही, म्हणून चिठ्ठीवर चिठ्ठी लागते आणि झालेली कुणी काढत नाही. गेल्या वर्षीचे लोक बरे होऊन कामाला लागले, तरी त्यांचे कागद माझ्या अंगावर आहेत. टाचणीचं दुखणं क्षणाचं असतं. झालेल्या कामाचं ओझं उतरत नाही, त्यानं खांदे वाकतात.

म्हणून एक विनंती. तुमच्या घरी माझ्यासारखा कुणी असेल तर त्याला धुळीत ठेवू नका, आणि काम झालं की तो कागद काढत जा. खाली दबलेली चिठ्ठी आणि हरवलेली चिठ्ठी यांत फरक नाही.

आत्ता माझ्या डाव्या कोपऱ्यात, सात कागदांच्या खाली, जवळा बाजारच्या रामसिंगांची चिठ्ठी आहे. त्यांचे थेंब उद्यापासून सुरू व्हायचे आहेत, आणि त्यांना फोन अजून गेलेला नाही. अनुश्री टेबलावर डोकं टेकून डोळे मिटून बसली आहे. चिठ्ठी कुठं आहे ते मला ठाऊक आहे, पण या घरात मला तोंड नाही. कुणीतरी या, आणि वरचे सात कागद काढा.