नंबर नसलेलं कार्ड

मित्रांनो, मी एक जुनं कार्ड आहे. पत्त्यांच्या डावातलं नाही आणि बँकेचंही नाही. मी ग्रंथालयातलं कार्ड. तळहाताएवढा, जाड कागद, कडेने पिवळा पडलेला, आणि खाली मध्यभागी एक भोक. त्या भोकातून एकेकाळी पितळेची सळई जायची. त्या सळईत ओवलेले आम्ही हजारभर भाऊबंद एका लाकडी खणात दाटीवाटीने उभे असायचो. असे नव्वद खण या ग्रंथालयात होते.

आधीच सांगून टाकतो, माझ्या नावावर एकही पुस्तक नाही. माझ्या भावंडांचं तसं नव्हतं. प्रत्येक पुस्तकाची तीन कार्डं असायची: एक लेखकाच्या नावाचं, एक पुस्तकाच्या नावाचं, एक विषयाचं. वाचक यायचा, खण ओढायचा, बोटांनी कार्डं उलटत जायचा. हवं ते सापडलं की त्याच्या कोपऱ्यातला नंबर उतरवून घ्यायचा आणि कपाटाकडे जायचा. माझा कोपरा मात्र कोरा. माझ्या अंगावर तीनच ओळी. वर एका बाईंचं नाव, मधे 'पाहा' हा एक शब्द, आणि खाली दुसरंच एक नाव. म्हणजे काय, तर तुम्ही या नावाखाली शोधत असाल तर इथे काही मिळणार नाही, त्या नावाखाली जा. खणातली बाकीची कार्डं मला 'बिनपुस्तक्या' म्हणून चिडवायची. मी मनावर घेत नसे. निदान घेत नाही असं दाखवत असे.

मला लिहिलं पट्टीवाल्या बाईंनी. आलेल्या प्रत्येक पुस्तकाची कार्डं लिहिणं हे त्यांचं काम. हातात कायम स्टीलची पट्टी, म्हणून सगळे त्यांना मागे पट्टीवाल्या बाई म्हणत आणि तोंडावर नुसतं बाई. त्यांच्या टेबलावर नियमांचं एक जाडजूड पुस्तक असे. आडनाव आधी की नाव आधी, स्वल्पविराम कुठे, दुसरी ओळ किती जागा सोडून सुरू करायची, सगळं त्यात ठरलेलं. लोकांना वाटे, हा नुसता शब्दांचा कीस. बाई म्हणत, "सगळ्यांनी एकसारखं लिहिलं तरच सापडतं. नाहीतर ज्यानं ठेवलं त्यालाच ठाऊक."

एका दुपारी त्यांच्या टेबलाशी एक बाई आल्या. हातात कापडी पिशवी होती आणि चेहऱ्यावर संकोच. त्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या आणि आदल्याच दिवशी निवृत्त झाल्या होत्या.

"तुमच्याकडे एक पुस्तक आहे," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "'थांबा, जोडून देते' नावाचं. त्यावर नाव एका पुरुषाचं आहे. पण ते मी लिहिलंय."

"मग इतकी वर्षं बोलला नाहीत?"

"नोकरीत होते ना. पुस्तक छापायचं तर साहेबांची परवानगी लागते, आणि पुस्तकात साहेबच आहेत."

पट्टीवाल्या बाई सहसा हसत नसत, पण तेव्हा हसल्या. मग विचारलं, "घरी माहीत आहे?"

"ताकास तूर लागू दिलेली नाही. घरी म्हणतील, तू फोन जोडणारी, तू कसलं पुस्तक लिहितेस! त्यांना नको सांगायला. पण कुठेतरी लिहिलेलं असू दे."

"पुरावा लागेल," बाई म्हणाल्या. "नियम आहे."

ऑपरेटरबाईंनी पिशवीतून छापखान्याची मुद्रितं, म्हणजे छपाईआधी तपासायचे कागद, काढले. समासात त्यांच्या हातच्या दुरुस्त्या होत्या. बाईंनी त्यांच्याकडून दोन ओळी लिहून घेतल्या, अक्षर ताडून पाहिलं, आणि मग दौतीत टाक बुडवला. असा माझा जन्म झाला. शाई वाळल्यावर बाईंनी मला उलटं केलं आणि पाठीवर पेन्सिलने बारीक अक्षरांत लिहिलं: 'लेखिकेने स्वतः येऊन सांगितले. मुद्रिते पाहिली.' ऑपरेटरबाई माझ्याकडे बराच वेळ बघत राहिल्या. छापखाना कधीच बंद पडला होता. मुद्रितं घरी जाऊन जाळून टाकणार असल्याचं त्यांनी सांगितलं. त्यांची दोन्ही नावं एकत्र लिहिलेली असतील अशी जागा जगात एकच उरली होती, आणि ती जागा म्हणजे मी.

त्यानंतर किती जणांनी मला वाचलं म्हणाल? खरं सांगतो, एकानेही नाही. बारा वर्षं मी खणात उभा होतो. शेजारची कार्डं हाताळून हाताळून मळली, त्यांचं कौतुक झालं, 'सापडलं!' म्हणून माणसं आनंदाने ओरडली. मी तसाच कोरा करकरीत राहिलो. तरी माझी तक्रार नव्हती. कुणीतरी एक दिवस त्या नावाने शोधत येईल आणि मी त्याला वाट दाखवेन, एवढं मला ठाऊक होतं.

मग संगणक आला. पट्टीवाल्या बाई तोवर निवृत्त झाल्या होत्या. नव्वद खणांतली कार्डं यंत्रात भरायची होती आणि मुदत जवळ होती. हे काम एका टंकलेखिकेला दिलं. तिची बोटं इतकी वेगाने चालत की सगळे तिला झरझरबाई म्हणू लागले. काम चोख होतं, त्यात शंका नाही. अडचण आली ती आमच्यासारख्या 'पाहा'वाल्या कार्डांपाशी. यंत्रातल्या तक्त्यात पहिलाच रकाना पुस्तकाच्या नंबराचा. तो रिकामा ठेवला की पडद्यावर लाल अक्षरं उमटत आणि यंत्र पुढे जाऊ देत नसे.

"सर, ही नंबर नसलेली कार्डं कशी भरू?" तिने ग्रंथपालांना विचारलं.

ग्रंथपालांनी चष्मा कपाळावर सरकवला. "नंबर नाही म्हणजे पुस्तक नाही. पुस्तकच नाही तर भरणार काय? ठेवा बाजूला."

बाजूला ठेवलेल्यांची संख्या बाराशेवर गेली. सळई ओढली गेली आणि आम्ही बाहेर पडलो. कागद उत्तम, पाठ कोरी, वाया कशाला घालवा? म्हणून आम्हाला बुटांच्या तीन खोक्यांत भरून कोठीच्या खोलीत ठेवलं. त्यातली थोडी थोडी कार्डं आणून शोधायच्या संगणकाशेजारी एका तबकात ठेवत, सोबत दोरीला बांधलेली पेन्सिल. वाचक यायचे, एक कार्ड उचलायचे, पाठीवर नंबर खरडायचे आणि घेऊन जायचे. कुणी पुस्तकात खूण म्हणून घालायचं, कुणी पाठीवर किराण्याची यादी लिहायचं. माझी भावंडं अशी एकेक करून लोकांच्या खिशातून निघून गेली. मी तबकात आलो आणि तिथेच राहिलो. कारण माझी पाठ कोरी नव्हती. लोक मला उचलत, पेन्सिलची ओळ बघत आणि परत टाकत. बाईंच्या काटेकोरपणाने मला असं वाचवलं.

एके दिवशी पन्नाशीची एक बाई संगणकापाशी बसली. ती शाळेत गणित शिकवायची. तिने एक नाव टाइप केलं. ते माझ्या वरच्या ओळीतलं नाव होतं. ऑपरेटरबाईंची लेक आली होती.

पडद्यावर आलं: शून्य नोंदी. तिने आईचं माहेरचं नाव टाकलं. शून्य. मग 'टेलिफोन' असा शब्द टाकला. अकरा पुस्तकं आली, सगळी यंत्रदुरुस्तीची.

"आईचं वय झालंय हो," ती झरझरबाईला म्हणाली. "हल्ली तिला काही आठवतं, काही नाही. सारखं म्हणते, माझं पुस्तक आण, हिरवं, बारीक. पुस्तकाचं नाव विचारलं तर सांगता येत नाही. मी किती वेळा सांगितलं, आई, तू फोन जोडायचीस, पुस्तकं नव्हतीस लिहीत. मग ती रडते. म्हटलं, एकदा खात्री करून येते."

"या नावाचं आपल्याकडे काहीच नाही," झरझरबाई म्हणाली. "दुसऱ्या एका ग्रंथालयाचा फोन नंबर देते, तिथे विचारा."

लेकीने नंबर लिहून घ्यायला तबकात हात घातला आणि मलाच उचललं. पाठीवरची ओळ तिच्या डोळ्यांसमोर होती. माझ्या दुसऱ्या अंगाला, तिच्या बोटांखाली, तिच्या आईचं नाव होतं. तिने मला खाली ठेवलं, दुसरं कोरं कार्ड घेतलं, नंबर लिहिला आणि गेली. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ना, ते मी त्या दिवशी पाहिलं. मित्रांनो, मला तोंड असतं तर मी ओरडलो असतो. सगळं आयुष्य ज्या एका माणसाची वाट पाहिली ते आलं आणि मला हातात घेऊन परत गेलं.

पंधरा दिवसांनी ती पुन्हा आली. "तिकडेही नाही मिळालं. आता आई पुस्तकाचं नावच काढत नाही. काहीच बोलत नाही. रडायची तेच बरं होतं असं वाटायला लागलंय."

वाचनकक्षात पट्टीवाल्या बाई वर्तमानपत्र वाचत बसल्या होत्या. दर बुधवारी त्या येत. त्यांनी वर्तमानपत्राची घडी घातली आणि उठून आल्या.

"तुमच्या आई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होत्या का? पुस्तक आहे त्यांचं. दुसऱ्या नावाने. मी कार्ड केलंय."

लेकीने खुर्चीची पाठ घट्ट धरली. "कुठलं नाव?"

"ते नाही आठवत. पुस्तकाचंही नाही. डोक्यात ठेवायचं नसतं म्हणून तर कार्ड लिहितात." त्या झरझरबाईकडे वळल्या. "'पाहा'ची कार्डं कुठे आहेत?"

झरझरबाईचा चेहरा उतरला. "बाई, त्यांच्यावर नंबर नव्हता."

"रस्त्यावरच्या पाटीला घरनंबर असतो का गं?" बाई एवढंच म्हणाल्या.

त्या दिवसापासून तिघी कोठीच्या खोलीत बसल्या. चार दुपारी त्यांनी बुटांची खोकी उपसली. एकेक कार्ड उलटून, वाचून, बाजूला ठेवत. नुसती कपाटं धुंडाळून भागलं नसतं, कारण बांधणी करणाऱ्याने हिरवं मुखपृष्ठ काढून पुस्तकाला कधीच काळं कापड चढवलं होतं. खोक्यांत मी नव्हतो. मी वीस पावलांवर तबकात होतो, आणि तबक कुणाच्या ध्यानातच आलं नाही.

चौथ्या दुपारी एक घाईतले गृहस्थ आले. तबकात तेव्हा मी एकटाच उरलो होतो. पाठीच्या उरलेल्या जागेत त्यांनी नंबर खरडला, कपाटाकडे गेले, एक जाड पुस्तक काढलं, मला त्यात खोचलं आणि पुस्तक घरी न्यायला काउंटरवर आले. माझा जीव टांगणीला लागला. दारातून बाहेर गेलेलं कार्ड परत आल्याचं मी कधी ऐकलं नव्हतं. झरझरबाई कोठीतून धावत आली. तारखेचा शिक्का मारायला तिने पुस्तक उघडलं आणि तिचा हात हवेतच थांबला. चार दिवस ती बाईंचं तेच गोल अक्षर बघत होती.

"थांबा!" ती गृहस्थांना म्हणाली. तिने मला बाहेर काढलं, उलटं केलं आणि ग्रंथालयात बोलायला मनाई असताना मोठ्याने हाक मारली, "बाई! सापडलं!"

माझ्या आयुष्यात तो शब्द माझ्यासाठी एकदाच उच्चारला गेला.

लेकीने मला दोन्ही हातांत धरलं. वरचं नाव वाचलं, खालचं वाचलं. मग पाठ पाहिली आणि तिथल्या शिडीच्या पायरीवर बसली. "हे मी हातात घेतलं होतं," ती म्हणाली. "पहिल्याच दिवशी. उलटून नाही बघितलं." आणि ती रडू लागली. बाईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला.

तीन दिवसांनी ती आईला घेऊन आली. ऑपरेटरबाई फार वाळल्या होत्या. काळ्या बांधणीचं पुस्तक त्यांच्या मांडीवर ठेवलं.

"आई, तुझं पुस्तक."

त्यांनी कापडावरून हात फिरवला आणि मान हलवली. "माझं हिरवं होतं."

लेकीने ओठ दातांत धरले. तेव्हा पट्टीवाल्या बाईंनी मला पुस्तकावर ठेवलं. ऑपरेटरबाईंनी माझ्या वरच्या ओळीवर बोट टेकवलं. एकेक अक्षर वाचलं. "ही मी," त्या म्हणाल्या. मग ते बोट सावकाश खाली आलं, शेवटच्या ओळीवर थांबलं.

"आणि हा पण मीच."

त्यांनी लेकीकडे पाहिलं. "सांगत होते ना मी तुला."

"हो आई," लेक म्हणाली. "सांगत होतीस. चुकलं माझं."

त्याला आता वर्ष झालं. ऑपरेटरबाई आज नाहीत. शेवटचे चार महिने लेक रोज त्यांना त्यांचंच पुस्तक वाचून दाखवायची. ग्रंथपालांनी नियम बाजूला ठेवून ती एकुलती एक प्रत तिला घरी नेऊ दिली होती. इथेही बदल झाला. नव्या पद्धतीत माणसाची नोंद पुस्तकाच्या नोंदीपासून वेगळी असते. एका माणसाला एकच क्रमांक, आणि त्याखाली त्याची सगळी नावं: माहेरचं, सासरचं, घेतलेलं. कुठल्याही नावाने शोधा, माणूस तोच सापडतो. झरझरबाईने पहिली नोंद ऑपरेटरबाईंची केली, माझ्यावरून. हल्ली ती पट्टीवाल्या बाईंना शेजारी बसवून रोज थोडी थोडी भर घालते. मी तिच्या टेबलाच्या काचेखाली असतो.

पण बाराशेपैकी जवळजवळ चारशे कार्डं परत यायची आहेत. ती कुणाकुणाच्या घरी आहेत. त्यांच्यावर कुणाची नावं होती, हे आता कुणालाच सांगता येत नाही. म्हणून मित्रांनो, माझी एक विनंती आहे. घरातल्या एखाद्या जुन्या पुस्तकात भोक पाडलेलं पिवळं कार्ड मिळालं, तर पाठीवरची किराण्याची यादी बघून ते टाकून देऊ नका. उलटून बघा. कोपऱ्यात नंबर नसेल तर लगेच घेऊन या. पट्टीवाल्या बाई बुधवारी दुपारी असतात, आणि त्यांचंही आता वय झालं आहे.